श्वान डांबरी रस्त्यापर्यंत गेलं आणि घुटमळलं, म्हणजे नेमकं काय झालं?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगतो. तुमच्या गावात घरफोडी झाली. जिल्ह्याहून श्वान पथक आलं. कुत्रं घरामागच्या खिडकीपासून निघालं, बांधावरून गेलं, ओढा ओलांडून डांबरी रस्त्यापर्यंत पोचलं आणि तिथेच घुटमळलं. पथक परत गेलं, चोर सापडला नाही. त्यावर तुम्ही विचारता: कुत्र्याच्या नाकाबद्दल जे ऐकतो, म्हणजे स्फोटकं शोधतात, ढिगाऱ्याखालची माणसं शोधतात, कर्करोगसुद्धा ओळखतात, त्यात खरं किती आणि वाढवून सांगितलेलं किती? आणि घरी दीड वर्षाची लॅब्रेडॉर आहे, तिला यातलं काही शिकवता येईल का?

मी बावीस वर्षं पोलीस दलात श्वान हस्तक, म्हणजे कुत्र्याला शिकवणारा आणि कामावर नेणारा माणूस, होतो. पहिला कुत्रा गुन्हे शोधाचा, तेजा नावाचा डॉबरमन. नंतर राणी आणि तिच्यामागून आणखी एक लॅब्रेडॉर, दोघी स्फोटकांच्या. जे हाताने केलं आणि डोळ्यांनी पाहिलं त्यावरूनच सांगतो. वैद्यकीय भाग माझा नाही. तो वाचून, विचारून समजून घेतला आहे, तो शेवटाकडे घेतो.

सुरुवात त्या ‘घुटमळलं’ शब्दापासून. पेपरात दर वेळी हेच वाक्य असतं, ‘श्वानाने महामार्गापर्यंत माग काढला, पुढे ते तिथेच घुटमळले.’ वाचणाऱ्याला वाटतं कुत्रं हरलं. आम्हाला तसं वाटत नाही. माणूस चालतो तेव्हा त्याच्या अंगावरून त्वचेचे अतिसूक्ष्म कण सतत झडत असतात. त्यांवर घाम असतो, तेलकटपणा असतो, जिवाणू असतात, आणि या सगळ्याचा मिळून त्या माणसाचा म्हणून एक वास होतो. तो इतका ज्याचा त्याचा असतो की २०११ साली चेक प्रजासत्ताकात झालेल्या एका प्रयोगात प्रशिक्षित जर्मन शेफर्ड कुत्र्यांनी एकाच घरात राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या एकसारख्या जुळ्यांचे वाससुद्धा वेगळे काढून दाखवले. हे कण वाटेवर, गवतावर, बांधाच्या कडेला बसतात. त्यात पायाखाली तुडवलेल्या गवताचा आणि उकरल्या गेलेल्या मातीचा वास मिसळतो. कुत्रं माग काढतं तो याचा. चोर मोटारसायकलवर किंवा जीपमध्ये बसला की कण वाटेवर पडायचे थांबतात. कुत्रं त्या जागेभोवती गोल फिरतं, परत त्याच ठिपक्यावर येतं, मान वर करून तुमच्याकडे बघतं. ते सांगत असतं की पाऊल इथे संपलं.

ही माहिती फार मोलाची असते. चोर पायी आला, ओढ्याच्या बाजूने आला, म्हणजे रस्त्याने कुणी पाहणार नाही अशी वाट त्याला ठाऊक होती. गाडी कुठे उभी होती ते कळलं. आता त्या जागेच्या दोन्ही बाजूंचे पेट्रोल पंप, ढाबे, टोलनाका यांचे कॅमेरे बघायचे, तेही त्या रात्रीच्या ठरावीक दोन-तीन तासांचे. माझ्या नोकरीत उलगडलेल्या अनेक घरफोड्यांची सुरुवात अशा घुटमळण्यापासूनच झाली. बातमीत मात्र नंतर फक्त ‘सीसीटीव्हीच्या आधारे’ एवढंच आलं.

अर्थात डांबरावर कुत्रं थांबण्याचं कारण दर वेळी गाडीच असते असं नाही. तापलेल्या डांबरावर वास टिकत नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचा वारा कण उडवून लावतो. म्हणून हस्तकाने बघायचं असतं कुत्रं कसं थांबलं ते. एकाच जागी गोल फिरत राहिलं, तर गाडीची शक्यता जास्त. रस्त्याच्या कडेने चाळीस-पन्नास पावलं एका दिशेने गेलं आणि मग ढिलं पडलं, तर माणूस त्या दिशेला चालत गेला असेल आणि वास विरला असेल. या दोन थांबण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो पंचनाम्यात लिहिला गेला पाहिजे. बऱ्याचदा लिहिला जात नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेजा कामावर असताना त्याच्याकडे बघून कळायचं. एका घराच्या मागच्या खिडकीचे गज वाकवलेले होते आणि खाली कटावणी पडलेली होती. आम्ही कटावणी उचलत नाही, बोटांचे ठसे असतात. स्वच्छ गॉजचा तुकडा तिच्यावर काही मिनिटं ठेवायचा आणि तो कुत्र्याला द्यायचा. तेजाने नाक लावलं, दोन-तीन वेळा लहान लहान श्वास घेतले आणि मान झटक्यात डावीकडे वळली. मानेचा तो झटका मी आयुष्यभर विसरणार नाही. शरीर अजून सरळ असतं, पण नाकाने दिशा पकडलेली असते आणि बाकीचं अंग तिच्यामागून वळतं. मग तोंड मिटलेलं, शेपटी ताठ, नाकाचा सूं-सूं आवाज, आणि हातातला लांब पट्टा गिटारच्या तारेसारखा ताणलेला. तोंड उघडलं, जीभ बाहेर आली की समजायचं, माग हातचा गेला.

दिशेबद्दल मला सुरुवातीला मोठं कोडं होतं. माग सापडला हे ठीक, पण चोर इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे आला, हे कुत्र्याला कसं कळतं? उत्तर असं की पुढचं पाऊल मागच्यापेक्षा सेकंदभर ताजं असतं, आणि तेवढा फरक कुत्र्याला पुरतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की दिशा ओळखायला कुत्र्यांना सलग पाच पावलं पुरतात. सेकंदाचा फरक नाकाने ओळखायचा! हे वाचलं तेव्हा तेजा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो मागावर आडवा आला की आधी थोडा उजवीकडे, मग थोडा डावीकडे का जायचा, ते मला तेव्हा उमगलं. तो पावलं ताडून बघत होता, आणि मी त्याला ‘चल, चल’ म्हणून घाई करत होतो.

आता नाकाची रचना. तुमच्या लॅब्रेडॉरची नाकपुडी जवळून बघा. तिचा आकार स्वल्पविरामासारखा दिसेल: पुढे गोल छिद्र आणि बाजूला वळलेली फट. श्वास आत जातो पुढून, बाहेर पडतो बाजूच्या फटीतून. त्यामुळे समोरचा वास तिच्याच उच्छ्वासाने उडून जात नाही. हुंगताना कुत्रं सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत-बाहेर करतं. आत गेलेल्या हवेचे दोन रस्ते होतात. मोठा भाग फुप्फुसांकडे जातो आणि थोडा, साधारण आठवा हिस्सा, नाकाच्या मागच्या बाजूला असलेल्या वासाच्या कप्प्यात वळतो. तिथे कागदाच्या गुंडाळीसारखी पातळ हाडं आहेत आणि त्यांवर वासाच्या पेशींचं अस्तर आहे. श्वास सोडताना या कप्प्यातली हवा लगेच बाहेर जात नाही, वास तिथे मुरत राहतो. आपल्या नाकात असा वेगळा कप्पाच नाही. श्वास आणि वास एकाच वाटेने जातात.

वासाच्या पेशी माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख असतात. कुत्र्यात जातीप्रमाणे साडेबारा कोटींपासून तीस कोटींपर्यंत सांगतात. वास ओळखणाऱ्या चालू स्थितीतल्या जनुकांचे प्रकार आपल्यात सुमारे चारशे, कुत्र्यात सुमारे आठशे. म्हणजे नुसता जोर जास्त नाही, अक्षरंच दुप्पट आहेत. शिवाय दोन नाकपुड्या आपापल्या बाजूची हवा वेगळी घेतात, त्यामुळे वास डावीकडून येतो की उजवीकडून, हे त्याला आपल्या कानांसारखं कळतं. ‘माणसापेक्षा लाखपट तीव्र’ असले आकडे मात्र मी कुणाला सांगत नाही. पट ही पदार्थागणिक बदलते. सगळ्या वासांना लागू पडेल असा एक आकडा नाही.

या रचनेतून एक गोष्ट थेट कामाला येते: वासाने वास झाकत नाही. गांजा सुकटीच्या पोत्यात खुपसा, वर डांबरगोळ्या टाका, कुत्र्याला सुकट वेगळी, डांबरगोळी वेगळी आणि गांजा वेगळाच येतो. चोर वाटेवर मिरचीपूड टाकतात. कुत्रं शिंकतं, थोडा वेळ बेजार होतं, मग आम्ही त्याला वळसा घालून पुढच्या बाजूला नेतो आणि माग पुन्हा धरतो.

आणि एक मर्यादाही याच रचनेतून येते. कुत्रं एका वेळी धापा टाकेल किंवा हुंगेल, दोन्ही एकदम करू शकत नाही. त्याला घाम गाळून थंड होता येत नाही, जीभ काढून धापा टाकाव्याच लागतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी दोनला पथक बोलावलं, तर पंधरा मिनिटांत कुत्र्याचं नाक निम्मं बंद झालेलं असतं. पहाटे, दव असताना, जमीन गार असताना तेच कुत्रं दुप्पट काम करतं. गुन्हा रात्रीचा असतो, फिर्याद नऊला होते, पथक बाराला पोचतं. त्यात कुत्र्याचा काय दोष?

याहून जास्त नुकसान आपणच करतो. चोरी झाली की अख्खं गाव घर बघून जातं. कपाट बघतात, खिडकी बघतात, कटावणी हातात घेऊन बघतात. घरची बाई सवयीने अंगण झाडते, शेणाचा सडा टाकते, कारण सकाळ झाली आणि लोक येणार आहेत. चोराचं पाऊल त्याच अंगणात असतं. तुम्हाला आणि तुमच्या गावाला माझं एवढंच सांगणं आहे: पोलिसांना फोन केल्यावर घराबाहेर या, दार ओढून घ्या, चोर जिकडून आला असेल ती बाजू दोरी किंवा काठ्या लावून अडवा, त्या दिवशी अंगण झाडू नका. चोराची चप्पल, टोपी, हत्यार पडलेलं असेल तर त्याला हात लावू नका. घरातल्यांनी मात्र घराबाहेर जवळच थांबा. घरच्यांचे वास कोणते हे कुत्र्याला कळलं की उरलेला परका वास त्याला वेगळा काढता येतो.

यापुढचं सांगायला मला जड जातं, पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे.

नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका गावात तेजा फोडलेल्या घरातून निघाला आणि वस्तीच्या कडेच्या एका खोलीच्या दारात जाऊन बसला. खोली एका गवंड्याची होती. मी काही बोलायच्या आत मागून आलेले लोक त्याच्यावर धावून गेले. बायको-पोरांसमोर त्याला मारलं. आमच्या शिपायांनी त्याला ओढून गाडीत घातलं म्हणून तो वाचला. दुपारी चौकशीत कळलं की त्या घराच्या मागच्या भिंतीचा गिलावा त्यानेच केला होता आणि आदल्या संध्याकाळी तो मजुरीचे पैसे मागायला तिथे गेला होता, मागच्या बाजूनेच. त्याचा वास तिथे असणारच होता. आणि ज्या फडक्यावरून मी तेजाला वास दिला, ते त्याचंच निघालं, काम करताना विसरलेलं. तेजाने अगदी बरोबर काम केलं होतं. ‘हा वास या दारात जातो’ एवढंच तो म्हणाला. ‘हा चोर आहे’ हे आम्ही माणसांनी त्यात घातलं. फडकं कुणाचं, हे आधी घरच्यांना विचारायला हवं होतं. ती चूक माझी होती. महिनाभराने मी त्याच्या घरी गेलो, तर ते कुटुंब गाव सोडून गेलं होतं.

कायदाही याच कारणासाठी सावध आहे. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली यावर विचार केला. कुत्रं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगू शकत नाही. त्याच्या वतीने हस्तक सांगतो, म्हणजे ती ऐकीव गोष्ट झाली. माणसाचं आयुष्य आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून ठेवू नये, हा दुसरा आक्षेप. असा पुरावा मानला तरी त्याला फारसं वजन देता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. बरेच पोलीस या निकालावर नाराज असतात. मी नाही. कुत्रं तपासाला दिशा देतं. पुरावा माणसाने शोधायचा.

स्फोटकांच्या कामात हा घोळ कमी असतो, कारण तिथे शेवटी वस्तूच हाती लागते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या झंजीर या लॅब्रेडॉरने जे काम केलं ते आमच्या प्रत्येक तुकडीला सांगितलं जायचं: ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं. त्याचं प्रशिक्षण पुण्यात शिवाजीनगरच्या सीआयडीच्या केंद्रात झालं होतं. २००० साली हाडाच्या कर्करोगाने तो गेला आणि त्याला सन्मानाने निरोप दिला गेला. त्या एका नाकाने किती घरं वाचवली असतील याचा हिशेब कुणाला मांडता येणार नाही.

पण तिथेही कुत्रं नेमकं कशाचा वास घेतं, हे समजून घेण्यासारखं आहे. शुद्ध आरडीएक्सची वाफ जवळपास होतच नाही. कुत्रं बऱ्याचदा त्याच्यासोबत येणारा वास धरतं, उदाहरणार्थ ते तयार करताना वापरलेल्या सायक्लोहेक्झानोन या द्रावकाचा. कोकेनचं तसंच: कोकेनपासून सुटणारं मिथाइल बेंझोएट कुत्र्याला जास्त येतं. म्हणजे आपण म्हणतो कुत्र्याला ‘कोकेन’ शिकवलं, कुत्रं मात्र आपल्यापुरती एक ठरावीक खूण शिकलेलं असतं. ती खूण कोणती, यावर आपलं नियंत्रण नसेल तर घोटाळा होतो.

माझ्याकडून झाला. सरावात आम्ही एकसारखे दहा-बारा डबे मांडायचो, एकात स्फोटकाचा नमुना. राणी सलग कित्येक दिवस एकही चूक न करता नमुन्याच्या डब्यासमोर येऊन बसायची. मी खुशीत होतो. एक दिवस वरिष्ठांनी मला बाहेर उभं केलं आणि सगळे डबे रिकामे मांडले. फक्त एका रिकाम्या डब्याला माझा हातमोजा पुसला. राणी आली, ओळीतून फिरली आणि त्याच डब्यासमोर येऊन बसली. वर बघून शेपटी हलवत बक्षिसाच्या चेंडूची वाट बघत होती. नमुना मी नेहमी शेवटी आणि त्याच हातमोज्यांनी ठेवायचो. तिने स्फोटक शिकलंच नव्हतं, ‘हस्तकाने शेवटी हात लावलेला डबा’ शिकलं होतं. पहिल्यापासून पुन्हा शिकवायला अडीच महिने गेले. प्रत्येक डब्याला नवे हातमोजे, रिकाम्या डब्यांनाही तितकाच हात, नमुने वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत, आणि डबे मांडणारा माणूस वेगळा. हे सगळं मी त्या दिवसानंतर शिकलो.

यापेक्षा बारीक गोष्ट म्हणजे हस्तकाचं मन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक पथकात वाचून दाखवावा असा आहे. अठरा हस्तक आणि त्यांची कुत्री एका चर्चच्या इमारतीत शोध घेत होती. हस्तकांना सांगितलं होतं की आत नमुने लपवलेले असू शकतात आणि काही ठिकाणी नमुन्याच्या जागी लाल कागदाची खूण आहे. प्रत्यक्षात एकही नमुना नव्हता. १४४ फेऱ्यांपैकी फक्त २१ फेऱ्या स्वच्छ निघाल्या. बाकी सगळ्यांत ‘सापडलं’ असा इशारा नोंदला गेला, आणि जास्त इशारे त्या कागदाच्या खुणांपाशी. कुत्र्याला लाल कागदाशी काय देणंघेणं? हस्तकाची पावलं तिथे मंदावली असतील, पट्टा किंचित ढिला पडला असेल, श्वास अडला असेल, आणि कुत्र्याने ते वाचलं असेल. कुत्रं वासापेक्षा आपल्याला जास्त वाचतं. हजारो वर्षं आपल्या चुलीजवळ राहून त्याने तेच तर शिकलं आहे.

ढिगाऱ्यातलं काम वेगळं असतं. तिथे ठरावीक माणसाचा वास दिला जात नाही. कोणत्याही जिवंत माणसाचा श्वास, घाम फटींतून वर येतो, तो कुत्रं हवेतून पकडतं. यंत्रं बंद करावी लागतात, लोकांना मागे न्यावं लागतं. फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानच्या भूकंपात आपल्या एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, तुकडी गेली होती. गाझियांतेप प्रांतातल्या नुरदागी गावी ज्युली नावाची कुत्री ढिगाऱ्यात शिरली आणि भुंकली. लगेच खोदकाम सुरू केलं नाही. दुसरा कुत्रा रोमिओ, त्याला तिथे सोडलं, आणि त्यानेही तिथेच इशारा दिला. मग खोदलं आणि सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली. दुसऱ्या नाकाची ती साक्ष बघून मला फार बरं वाटलं. एका कुत्र्यावर आणि एका हस्तकावर सगळा भार टाकायचा नाही, ही शिस्त आहे.

आपल्याकडे सह्याद्रीत दरड कोसळते तेव्हा हे काम जास्त अवघड असतं. इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी, जुलै २०२३ मध्ये, यंत्र न्यायला वाटच नव्हती. काँक्रीटच्या ढिगाऱ्यात पोकळ्या राहतात, वास वर येतो. ओली माती सगळं बंद करून टाकते. तिथे लोखंडी सळईने भोकं पाडून वासाला वाट करून द्यावी लागते, मग कुत्रं फिरवायचं. आणि दिवसभर एकही जिवंत माणूस सापडला नाही तर ही कुत्री खचतात, कामावर जायला पाय उचलत नाहीत. मग संध्याकाळी हस्तकांपैकीच कुणीतरी मुद्दाम लपून बसतो, कुत्र्याला शोधू देतो आणि सापडल्यावर त्याचं भरभरून कौतुक करतो.

आता आजारांचं. यात भरपूर तथ्य आहे, पण अजून दवाखान्यात नेऊन बसवावं इतकं नाही. सुरुवात १९८९ साली झाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं पत्र आलं: एका बाईचा कुत्रा तिच्या पायावरचा एकच तीळ सारखा हुंगायचा, पँटवरूनसुद्धा, एकदा तर चावायला गेला. तपासल्यावर तो त्वचेचा कर्करोग निघाला. त्यानंतर २००४ साली इंग्लंडमध्ये नीट आखलेला प्रयोग झाला. सात लघवीचे नमुने, त्यांत एक मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रुग्णाचा. नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता चौदा टक्के. सहा कुत्र्यांनी चौपन्नपैकी बावीस वेळा, म्हणजे एक्केचाळीस टक्के वेळा, बरोबर ओळखलं. त्याच प्रयोगाच्या तयारीत ‘निरोगी’ म्हणून घेतलेल्या एका माणसाच्या नमुन्यापुढे कुत्री पुन्हा पुन्हा थांबत होती. शिकवणाऱ्यांना वाटलं कुत्री चुकतात. त्या माणसाची पुन्हा तपासणी झाली आणि त्याच्या मूत्रपिंडात कर्करोग निघाला.

गांबियातल्या मुलांनी रात्रभर घातलेले मोजे इंग्लंडमधल्या कुत्र्यांना हुंगायला दिले, तर मलेरियाचं एकही लक्षण न दिसणाऱ्या मुलांपैकी सुमारे सत्तर टक्के बाधित आणि नव्वद टक्के निरोगी त्यांनी बरोबर सांगितली. कोविडच्या काळात आपल्या सैन्यानेही घाम आणि लघवीच्या नमुन्यांवर कुत्री तयार केली. २०२१ साली दिल्लीत ती दाखवली तेव्हा त्यांत कॅस्पर नावाचा कॉकर स्पॅनियल आणि दोन चिप्पीपराई, म्हणजे तमिळनाडूची देशी जात, होती. देशी कुत्र्यांना ही संधी मिळाली याचा मला विशेष आनंद झाला. मधुमेह असलेल्या माणसाची साखर एकदम उतरली की श्वासात आयसोप्रीन नावाचं रसायन वाढतं असं दिसलं आहे, आणि काही पाळीव कुत्री त्या वेळी मालकाला उठवतात. कदाचित ती तेच धरत असतील.

मग दवाखान्यात का नाहीत? राणीच्या हातमोज्याची गोष्ट आठवा. रुग्णांचे नमुने दवाखान्यातून आणि निरोग्यांचे घरून आणले, तर कुत्रं दवाखान्याचा वास शिकतं. तेच तेच नमुने पुन्हा वापरले, तर ते आजार न शिकता एकेका माणसाचा वास पाठ करतं. सरावात शंभर टक्के आणि नव्या नमुन्यांपुढे गोंधळ, असं याही क्षेत्रात झालं आहे. शिवाय थकवा, ऊन, हस्तक, हे सगळं आलंच. म्हणून तुमचं कुत्रं तुमच्या अंगावरची एखादी जागा रोज हुंगत असेल, चाटत असेल, तर घाबरू नका, पण डॉक्टरांना एकदा दाखवा. आणि ते हुंगत नाही म्हणून तपासणी टाळू नका. साखरेसाठी ग्लुकोमीटर वापरा, कुत्र्यावर अवलंबून राहू नका.

शेवटी तुमची लॅब्रेडॉर. दीड वर्ष हे छान वय आहे. तिला पोलिसी काम शिकवायच्या मागे लागू नका. पण नाकाचं काम जरूर द्या. दहा मिनिटं मन लावून हुंगलेलं कुत्रं तासभर पळवलेल्या कुत्र्याइतकं शांत झोपतं. फिरायला न्याल तेव्हा प्रत्येक खांबाशी पट्टा ओढू नका, तिला वाचू द्या.

पहिल्या आठवड्यात तीन स्टीलच्या वाट्या पालथ्या घाला, एकीखाली पनीरचा नखाएवढा तुकडा ठेवा आणि ‘शोध’ म्हणा. बरोबर वाटीला नाक लावलं की लगेच उचलून द्या. चुकली तर रागावू नका, गप्प राहा. दुसऱ्या आठवड्यात झाकणाला भोकं पाडलेल्या छोट्या डबीत चार लवंगा ठेवा. डबी हुंगली की पनीर, असं दिवसातून पाच-सहा वेळा, मग डबी वाटीखाली, मग सोफ्यामागे, मग दुसऱ्या खोलीत. तशाच दोन रिकाम्या डब्याही ठेवा आणि तिन्हींना सारखाच हात लावा. उन्हाळ्यात हे सकाळी सातच्या आत उरका.

तिसऱ्या आठवड्यापासून डबी तुम्ही लपवू नका. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी लपवायला सांगा, तुम्हाला जागा माहीत असता कामा नये, आणि लपवणाऱ्याने खोलीबाहेर जाऊन थांबायचं. मग तिला सोडा, हात मागे बांधा आणि नुसतं तिच्या मानेकडे बघत राहा.